झुडपे आणि ओंडके हटवण्यासाठी छोट्या ट्रॅक्टरला कोणता ग्रॅपल जोडावा?

टेकडीवासी:

नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर आणि जंगलकाम यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून मला ग्रॅपलच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे लावायच्या आणि ओंडके धरून उचलणाऱ्या पोलादी पंजाच्या, खरेदीबद्दल सल्ला हवा आहे. प्रश्न नीट कळावा म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

ओहायो राज्याच्या आग्नेय भागात, डोंगरउतारावरच्या १४ एकर जमिनीवर आम्ही तीन वर्षांपासून राहतो आहोत. यातली निम्मी जमीन जंगलाची आहे आणि त्या जंगलातली ॲशची जवळजवळ सगळी झाडे उभ्या उभ्या वाळली आहेत. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा, चकाकणारा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ सापडला आणि २००३ मध्ये ओहायोतही आढळला. त्याच्या अळ्या सालीखालचा अन्नरस वाहून नेणारा थर पोखरतात, त्यामुळे झाड काही वर्षांतच मरते. आमच्या झाडांच्या सालीवर इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराची, जेमतेम ३ मिलिमीटरची भोके आहेत. हे लाकूड फार लवकर ठिसूळ होते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर फांद्या खाली येतात.

उरलेल्या मोकळ्या जमिनीत मल्टिफ्लोरा रोझ या काटेरी रानगुलाबाची जाळी माजली आहे. १९३० च्या दशकात इथल्या सरकारी मृद्संधारण खात्यानेच धूप थांबवण्यासाठी आणि जिवंत कुंपण म्हणून तो लावायला शेतकऱ्यांना उत्तेजन दिले होते. आज तोच उपद्रवी तणांच्या यादीत आहे.

आतापर्यंत मी ओंडक्याला साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढत होतो आणि पत्नी फांद्या हातांनी गोळा करत होती. हे काम आता आम्हा दोघांच्याही पाठीला झेपत नाही. आमचा ट्रॅक्टर २५ हॉर्सपॉवरचा आहे, त्याला पुढे लोडर, म्हणजे वजन उचलणारे बाहू, आहे आणि लोडरवर स्किड स्टिअर (आटोपशीर, ताकदवान लोडर यंत्र) पद्धतीचे क्विक अटॅच, म्हणजे अवजार झटपट जोडण्याची चौकट, आहे. पत्रकानुसार लोडरची पूर्ण उंचीवर वजन उचलण्याची क्षमता पिनजवळ (बाहूंना अवजार जिथे जोडतात तिथे) १,१५० पाउंड आहे, तर पिनपासून ५०० मिलिमीटर पुढे ८५० पाउंड आहे.

दोन ग्रॅपल पाहून ठेवले आहेत. पहिला ६० इंच रुंद आहे, त्याला वरचे दोन स्वतंत्र जबडे आहेत आणि त्याचे वजन ६२० पाउंड आहे. दुसरा ४८ इंच रुंद, एकाच जबड्याचा आणि ३०० पाउंडांचा आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की जाड पोलादाचा मोठा ग्रॅपल एकदा घेतला की आयुष्यभर पुरेल. मलाही ते पटू लागले आहे, परंतु पैसे भरण्यापूर्वी इथे विचारावे असे वाटले.

रानवाट:

टेकडीवासी, पैसे भरण्यापूर्वी विचारलेत हे फार चांगले केले. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, ॲश आणि रानगुलाब हीच जोडी माझ्याही नशिबी आहे आणि गेली आठ वर्षे मी ग्रॅपल वापरतो आहे. माझे मत पहिल्याच वाक्यात सांगतो: ६२० पाउंडांचा ग्रॅपल तुमच्या ट्रॅक्टरसाठी घेऊ नका.

ग्रॅपल हे अवजार असले तरी लोडरच्या दृष्टीने ते ओझेच असते. तुम्ही काहीही उचलण्याआधी लोडरने ग्रॅपल उचललेला असतो. म्हणून सर्वांत आधी वजाबाकी करायची. त्यातही पिनजवळचा १,१५० हा आकडा मनातून काढून टाका, कारण ग्रॅपलमध्ये धरलेला ओंडका कधीच पिनजवळ नसतो. ८५० मधून ६२० वजा केल्यावर उरतात २३० पाउंड, म्हणजे साधारण १०४ किलो. ८५० मधून ३०० वजा केल्यावर उरतात ५५० पाउंड, म्हणजे सुमारे २५० किलो. त्याआधी पत्रकाची तळटीप वाचून तो आकडा बकेट काढलेल्या लोडरचा आहे की बकेटसह आहे, याची खात्री करून घ्या.

आता ओंडक्याचे वजन पाहू. ताज्या ॲशच्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण ७७० किलो धरतात. ४० सेंटिमीटर व्यासाचा आणि २.४ मीटर, म्हणजे ८ फूट लांबीचा ओंडका ०.३ घनमीटर भरतो, म्हणजे त्याचे वजन सुमारे २३० किलो होते. उभ्याने वाळलेला असेल तर काहीसे कमी होईल, पण किती कमी ते झाडाकडे पाहून सांगता येत नाही, म्हणून हिशेब ओल्या लाकडाचाच करावा. हा ओंडका हलका ग्रॅपल उचलेल आणि भारी ग्रॅपलला तो जमिनीवरून हलवताही येणे कठीण आहे. दोन्ही ग्रॅपलच्या जबड्यांत तो सहज मावतो, म्हणून दुकानात उभे राहून पाहणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

पूर्ण उंचीपेक्षा जमिनीलगत लोडर थोडे अधिक उचलतो, हे खरे आहे. मात्र ओंडक्याचा मध्य बहुधा ५०० मिलिमीटरच्याही पुढे असतो, त्यामुळे तो लाभ तिथेच खर्च होतो. ओक असेल तर हिशेब आणखी कडक ठेवा, कारण ओल्या ओकचे वजन घनमीटरला १,००० किलोच्या आसपास जाते.

जाड पोलादाबद्दल विक्रेत्याने सांगितले ते मोठ्या स्किड स्टिअरसाठी योग्य आहे. २५ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरमध्ये तो ग्रॅपल वाकवण्याएवढी ताकदच नाही. टिकाऊपणा हवा असेल तर दात्यांचे पोलाद उच्च प्रतीचे आहे का, ते विचारा. उत्तम पोलादाचा पातळ दाता साध्या पोलादाच्या जाड दात्याइतके काम करतो आणि वजन वाचवतो.

दाबमापक:

रानवाट यांनी वजनाचे गणित चोख मांडले आहे. मी इलिनॉयमध्ये हायड्रॉलिक यंत्रणांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. ग्रॅपल घेणारे बहुतेक लोक ग्रॅपलची किंमत पाहतात आणि तो उघडण्या-मिटण्यासाठी तेल कुठून येणार, हा प्रश्न वस्तू दारात आल्यावर त्यांना पडतो.

तुमच्या लोडरच्या जॉयस्टिकला दोन कामे ठाऊक आहेत: बाहू वरखाली करणे आणि बकेट पुढेमागे कलंडवणे. जबडा मिटणे हे तिसरे काम आहे आणि त्यासाठी तिसरा हायड्रॉलिक मार्ग लागतो. तो मिळवण्याच्या तीन रीती आहेत. पहिली म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या रिमोटपासून (हायड्रॉलिक तेलाच्या जोडणीपासून) लांब होज, म्हणजे तेलाची नळी, पुढे आणणे. ही स्वस्त असते, पण जबडा हलवण्यासाठी प्रत्येक वेळी हात जॉयस्टिकवरून काढून दुसऱ्या दांड्यावर न्यावा लागतो. दुसरी म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्ह, ज्यात बटण दाबले की कलंडवण्याचे तेल जबड्याकडे वळते. यात एका वेळी एकच गोष्ट करता येते. तिसरी म्हणजे थर्ड फंक्शन किट, ज्यात जॉयस्टिकच्या मुठीवर बटणे येतात आणि एक व्हॉल्व्ह जबड्याला स्वतंत्रपणे तेल पुरवतो.

तुम्ही काटेरी जाळी उपटणार आहात, म्हणून मी थर्ड फंक्शन किटच सुचवेन. जाळी धरताना ग्रॅपल मागे कलंडवणे आणि जबडा आवळणे ही दोन कामे जवळपास एकत्र करावी लागतात. ती एकापाठोपाठ एक केली तर मधल्या क्षणी निम्मी जाळी निसटते. किटचा आणि ते बसवण्याचा खर्च ग्रॅपलच्या खर्चात पहिल्यापासून धरा, नाहीतर नंतर पैसे कमी पडले म्हणून निकृष्ट होज घेण्याची वेळ येते.

आणखी एक गैरसमज दूर करतो. तेलाचा प्रवाह कमी आहे म्हणून पकड ढिली पडेल असे अनेकांना वाटते, परंतु जबडा किती वेगाने हलेल हे प्रवाहावर ठरते आणि पकड किती घट्ट बसेल हे तेलाचा दाब व सिलिंडरचा व्यास यांवर ठरते. छोट्या ट्रॅक्टरचा जबडा सावकाश मिटतो आणि नवख्या माणसासाठी ते चांगलेच आहे.

ग्रॅपल पाहताना सिलिंडर आणि होज कुठे आहेत, तेही वाकून पाहा. जबडा पूर्ण उघडल्यावर सिलिंडरचा चकचकीत दांडा उघड्यावर येत असेल, तर पहिली मोठी फांदी त्याच्यावरच घासणार. त्या दांड्यावर ओरखडा पडला की सील फाटते आणि तेल गळू लागते. वर पोलादी आवरण असलेला नमुना घ्या.

हिमरेषा:

मी थोडे वेगळे मत मांडते. आम्ही मिनेसोटात आहोत आणि आमच्याकडे गेली पाच वर्षे ग्रॅपल बकेट आहे, म्हणजे खाली अखंड तळाची बकेट आणि वर जबडा. वादळानंतर अंगणात पडलेल्या बारीक काटक्या, पाने, दगड असे सगळे तिच्यात एकदम भरता येते, आणि जबडा उघडा ठेवला तर तीच बकेट माती व खडी वाहण्यासाठीही चालते. दात्यांच्या ग्रॅपलमधून बारीक काटक्या गळून पडतात आणि त्या पुन्हा हातांनी वेचाव्या लागतात. ज्यांना एकच अवजार परवडते, त्यांनी या पर्यायाचा विचार करावा असे मला मनापासून वाटते.

रानवाट:

हिमरेषाताई, अंगण आणि आवार यांसाठी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. टेकडीवासींचे काम मात्र मुळासकट जाळी काढण्याचे आहे आणि तिथे बकेटचा अखंड तळ आड येतो. रूट ग्रॅपलच्या, म्हणजे दात्यांच्या ग्रॅपलच्या, खालच्या दात्यांमध्ये सहा ते आठ इंचांची फट असते. तो जाळीच्या बुडाशी घालून हलवला की माती फटींतून खाली पडते आणि मुळ्या वर राहतात. बकेट मातीसकट सगळे उचलून ढिगावर टाकते. त्याने शेतातली वरची सुपीक माती तर जातेच, शिवाय माती मिसळलेला ढीग नीट पेट घेत नाही आणि कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहतो.

जाळण्याचा विषय निघाला म्हणून टेकडीवासींना आठवण देतो. ओहायोच्या ग्रामीण भागात मार्च, एप्रिल, मे, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत सकाळी ६ ते संध्याकाळी ६ उघड्यावर जाळण्यास मनाई आहे. त्यामुळे ढीग कुठे आणि केव्हा करायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

एक जबडा की दोन, यावरही लिहायचे राहिले. एका बाजूला जाड ओंडका आणि दुसऱ्या बाजूला बारीक फांद्या असतील तेव्हा दोन स्वतंत्र जबडे दोन्ही बाजूंना सारखे घट्ट बसतात, हा त्यांचा खरा फायदा आहे. त्यासाठी एक सिलिंडर, एक सांगाडा आणि त्यांचे वजन जास्तीचे घ्यावे लागते. ४८ इंचांच्या ग्रॅपलमध्ये मधोमध असलेला एक रुंद जबडा पुरतो, ओंडका मध्यावर धरण्याची सवय तेवढी लावून घ्यावी लागते. झाडांमधून वाट काढताना कमी रुंदीही उपयोगी पडते. ग्रॅपल ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा रुंद असेल तर आपण चाकांचा अंदाज घेत राहतो आणि ग्रॅपलचे टोक उभ्या झाडाची साल सोलून काढते.

पालवी:

मी दापोली तालुक्यातून लिहिते आहे. आमच्याकडे असा ट्रॅक्टर नाही आणि ग्रॅपलही नाही, पण सालीचा उल्लेख वाचला आणि राहवले नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, त्या एका दुपारी आमच्या बागेतली हापूसची ३१ कलमे आडवी झाली. काही कलमे माझ्या सासऱ्यांनी जांभ्यात सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरून माती आणून लावलेली होती. पावसाळा तोंडावर होता, त्यामुळे पडलेली झाडे लवकर हलवणे भाग होते. तासाच्या भाड्याने जेसीबी आणला. चालक मेहनती होता, सकाळी सातला यायचा आणि अंधार पडेपर्यंत थांबायचा. परंतु त्याच्या हाताशी बकेट आणि साखळी एवढेच होते. बकेटने खोड ढकलत न्यायचे आणि जिथे ढकलता येत नाही तिथे साखळी लावून ओढायचे. ओढत नेलेल्या प्रत्येक खोडाने वाटेतल्या उभ्या कलमांच्या आळ्यांतून चर पाडला. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्या थरातच असतात, ती त्या चरांत तुटून पांढरी दिसत होती. एका ठिकाणी गडगाही पडला. वादळातून वाचलेली चार कलमे पुढच्या दोन वर्षांत वाळली आणि माझ्या समजुतीप्रमाणे ती त्या ओढाओढीनेच गेली.

त्याच महिन्यात खालच्या वाडीत पंजा लावलेले पोकलेन आले होते. मी बांधावर उभी राहून पाहिले. खोड मधोमध धरले, फूटभर उचलले, जागेवरच वळून ट्रकमध्ये ठेवले. त्या बागेत चर पडला नाही. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या मोळ्या भरणारे ग्रॅब पाहिले आहेत, तीच चाल होती. म्हणून माझा प्रश्न असा की छोट्या ट्रॅक्टरच्या ग्रॅपलनेही ओंडका पूर्ण उचलून नेता येतो, की शेवटी एक टोक जमिनीवर घासतेच?

दाबमापक:

पालवीताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले. वाढवलेले कलम वादळातून वाचून नंतर जाणे फार जिव्हारी लागते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर पुन्हा वजनाशी येऊन थांबते. ओंडका क्षमतेत बसेल एवढ्या लांबीचा कापला तर तो पूर्ण उचलता येतो आणि जमिनीला काहीही लागत नाही. लांबच ठेवायचा असेल, म्हणजे फळ्या पाडण्यासाठी १२ किंवा १६ फुटांचा हवा असेल, तर छोट्या ट्रॅक्टरने एक टोक उचलून दुसरे ओढावे लागते. तिथे समोरच्या ग्रॅपलपेक्षा मागच्या थ्री-पॉइंटला (अवजारे जोडायच्या तीन टोकांच्या जोडणीला) जोडायचा ओढणीचा ग्रॅपल बरा, कारण भार मागच्या मोठ्या चाकांवर येतो. बागेसारख्या ठिकाणी मी तुकडे लहान करून उचलून नेण्याचाच सल्ला देईन.

टेकडीवासी:

सर्वांचे मनापासून आभार. तळटीप वाचली. दोन्ही आकडे बकेट काढलेल्या लोडरचेच आहेत, म्हणजे रानवाटदादांची वजाबाकी जशीच्या तशी लागू आहे. तरीही ६० इंची ग्रॅपलचा मोह सुटत नव्हता. योगायोगाने आमच्या शेजाऱ्याकडे जवळपास तसाच, दोन जबड्यांचा ग्रॅपल आहे. त्याचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा बराच मोठा आहे. त्याने शनिवारी तो मला वापरायला दिला आणि होज तात्पुरते मागच्या रिमोटला जोडून दिले.

घडले ते जसेच्या तसे लिहितो. सपाट जागेवर फांद्यांचा ढीग उचलताना अडचण आली नाही. मग मी उतारावर आडव्या पडलेल्या ॲशच्या बुंध्याकडे गेलो. सहा फुटांचा तुकडा कापून ठेवला होता. तो धरला, लोडर उचलला, ट्रॅक्टर वळवायला सुरुवात केली आणि बसण्याच्या जागेखालून जमीन सरकल्यासारखे वाटले. मागे वळून पाहिले तर वरच्या बाजूचे मागचे चाक गवतापासून चार बोटे वर होते आणि सावकाश फिरत होते. टायरच्या खाचांत अडकलेला चिखल सुटून खाली पडताना मला दिसला. मी लोडर लगेच खाली टेकवला, चाक जमिनीला लागले आणि ट्रॅक्टर बंद करून पाच मिनिटे नुसता बसून राहिलो. सीटबेल्ट लावलेला होता आणि रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी कमान) उभा होता. पण मागे कोणतेही वजन जोडलेले नव्हते आणि ही चूक पूर्णपणे माझी आहे.

सोमवारी ४८ इंची ग्रॅपल आणि थर्ड फंक्शन किट यांची मागणी नोंदवली. आता मागच्या वजनाबद्दल सांगा.

रानवाट:

तुम्ही सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला. लोडर लगेच टेकवलात ते अगदी योग्य केलेत. त्या क्षणी अनेक जण स्टिअरिंग फिरवून सावरायला जातात आणि ट्रॅक्टर कुशीवर जातो.

मागच्या वजनाबाबत ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत लोडर वापरताना किती बॅलास्ट, म्हणजे तोल राखणारे मागचे वजन, हवा, ते दिलेले असते. तो आकडा किमान समजा. थ्री-पॉइंटला काँक्रीट भरलेला बॅलास्ट बॉक्स जोडणे सर्वांत परिणामकारक ठरते, कारण तो मागच्या धुरीच्याही मागे असतो आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखा पुढच्या धुरीवरचा भार कमी करतो. टायरमध्ये द्रव भरल्यानेही स्थैर्य वाढते, परंतु ते वजन धुरीवरच राहते, त्यामुळे पुढच्या धुरीला त्यातून तशी मदत मिळत नाही. शक्य असेल तर दोन्ही करा. जंगलात फिरताना बॉक्स आटोपशीर हवा. मागे रुंद अवजार लोंबत असेल तर वळताना ते झाडांना लागते.

उतारावर भार नेहमी जमिनीलगत, गुडघ्याच्या खालीच ठेवा आणि सरळ वर किंवा सरळ खाली जा, आडवे जाऊ नका. भार पुढे धरून उतरायचे असेल तर ट्रॅक्टरचे तोंड चढाकडे ठेवून मागे मागे उतरा, म्हणजे भार चढाच्या बाजूला राहतो. ओंडक्याची चळत उंच रचण्याचा मोह टाळा. लोडर वर असताना ग्रॅपल मागे कलंडला तर गोल ओंडका बाहूंवरून घरंगळत थेट चालकाच्या छातीवर येऊ शकतो आणि रोलबार त्याला अडवत नाही.

वाळलेल्या ॲशबद्दल कळकळीने सांगतो. उभ्या झाडाला ग्रॅपलने ढकलून पाडण्याचा प्रयत्न कधीही करू नका. खालून धक्का बसला की ठिसूळ शेंडा मोडून सरळ खाली येतो आणि खाली तुम्ही बसलेले असता. झाडे पाडण्याचे काम त्या विषयातल्या जाणकाराकडून करून घ्या आणि जमिनीवर आल्यानंतरच ग्रॅपल न्या.

हिमरेषा:

एक सूचना माझीही. बुंध्यांवर केसाळ दोरासारखी वेल चिकटलेली असेल तर ती पॉयझन आयव्ही असण्याची शक्यता मोठी आहे. पाने नसली किंवा वेल वाळलेली असली तरी तिच्या चिकाने अंगावर फोड येतात. ही वनस्पती आपल्या बिब्ब्याच्या आणि काजूच्याच कुळातली आहे, त्यामुळे बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तिचे स्वरूप वेगळे सांगायला नको. ग्रॅपलमुळे हात लावावा लागत नाही हा मोठा फायदा आहे. परंतु चीक दात्यांवर आणि होजच्या कपलरवर राहतो, म्हणून काम संपल्यावर हातमोजे घालूनच जोडणी सोडवा. ती वेल ढिगात घालून जाळू नका, तिचा धूर फुप्फुसांत गेला तर दवाखान्यात न्यावे लागते.

टेकडीवासी:

ग्रॅपल येऊन आता तीन आठवडे झाले. किट बसवायला एक पूर्ण दिवस लागला, त्यातला बराचसा वेळ होज नेमके किती लांब ठेवायचे यात गेला. लोडर पूर्ण वर, पूर्ण खाली आणि दोन्ही बाजूंना कलंडवून पाहिल्याशिवाय लांबीचा अंदाज येत नाही. पहिल्या जोडणीत एक होज क्विक अटॅचच्या दांड्याखाली चिमटत होता, तो नऊ इंचांनी लांब घेतला आणि त्यावर जाड कापडी आवरण चढवले. मागे काँक्रीटचा बॅलास्ट बॉक्स जोडला आहे.

रानगुलाबासाठी जी पद्धत बसली, ती लिहितो. जाळीवर समोरून चाल करून जायचे नाही. ग्रॅपलचे दाते जमिनीला जवळजवळ समांतर ठेवून बुडाजवळ हळू पुढे सरकायचे, दाते मुळ्यांखाली चार-पाच इंच गेले की जबडा मिटायचा आणि मग ग्रॅपल मागे कलंडवत ट्रॅक्टर थोडा मागे घ्यायचा. मुळ्या एकेक करून तुटण्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही ऐकू येतो. मग ग्रॅपल फूटभर उंचीवर दोन-तीनदा हलवला की माती जागच्या जागी झडते. पावसानंतर दोन दिवसांनी जमीन मऊ पण चाक न रुतणारी असते, तेव्हा मुळ्या सर्वांत सहज येतात. मोठ्या झाडांचे बुडखे उपटायचा प्रयत्न मी केला नाही. दाते पुढे काढून जोर लावला तर कलंडवण्याचे सिलिंडर वाकतात, असे दाबमापककाकांनी खाजगी संदेशातून बजावले होते.

पालवीताई, तुमच्या चरांच्या वर्णनानंतर मी सगळे ओंडके आठ फुटांपेक्षा कमी लांबीचे कापले. जाड बुंध्यांचे तर सहाच फुटांचे केले. सगळे उचलूनच बाहेर आणले. ज्या वाटेने वीसेक खेपा झाल्या तिथे गवत दबले आहे, पण माती उघडी पडलेली नाही. आमच्याकडे दोन जुने शुगर मेपल आहेत, त्यांच्या मुळांजवळून जायचे टाळले. मेपलची मुळेही अशीच वरच्या थरात असतात आणि ही गोष्ट तुम्ही लिहिल्याशिवाय माझ्या ध्यानात आली नसती.

सगळ्या फांद्या जाळणार नाही. जंगलाच्या कडेला दोन ढीग तसेच ठेवले आहेत, खाली जाड ओंडके आडवे टाकून वर फांद्या रचल्या आहेत. दुसऱ्याच दिवशी त्यात सशाची ये-जा दिसली. ॲशचे सरपण आमच्याच शेगडीत जाळणार आहोत, ते बाहेर नेणार नाही, म्हणजे सालीत काही उरले असेल तर ते दुसऱ्या कुणाच्या जंगलात जाणार नाही.

पालवी:

मेपलचे वाचून बरे वाटले. आमच्या भागातल्या बागायतदारांनी एकत्र येऊन पंजा जोडलेले यंत्र पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावे, असा विषय मी गावच्या बैठकीत मांडणार आहे. वादळ आल्यावर यंत्र शोधायला गेले की मिळेल ते घ्यावे लागते. हा धागा वाचल्यामुळे चालकाला काय विचारायचे, ते मला आता ठाऊक आहे.

रानवाट:

टेकडीवासी, काम उत्तम झाले आहे. आता एकच राहिले. नव्या ग्रॅपलचे आणि क्विक अटॅचचे बोल्ट पहिल्या काही तासांच्या कामात बसतात आणि ढिले पडतात. सगळे एकदा पाना लावून तपासा. जबड्याच्या खिळीला ग्रीस निपल असेल तर रोज काम सुरू करण्यापूर्वी ग्रीस द्या. मातीत चालणाऱ्या खिळीला वेळेवर ग्रीस मिळाले नाही तर भोक एका हंगामात अंडाकृती होते.

टेकडीवासी:

आज संध्याकाळी पाना घेऊन बसलो. जबड्याचे सगळे बोल्ट घट्ट होते. किटचा व्हॉल्व्ह ज्या पट्टीवर बसवला आहे, तिचे दोन बोल्ट मात्र पाव पाव फेरा फिरले. ते आवळले आणि खिळीला जुने, मातकट ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत ग्रीस दिले.